लोदी, गारदी आणि आमचे बाबूभाई

हमीदा फोनवर कधी हॅलो म्हणत नाही. मधूनच बोलायला लागते, जणू आपण तासभर तिच्यासमोरच बसलोय.

"चारू, रईवारी पाळणा हाय आणि ही पोरं रेहान ठेवायला लागल्यात," ती म्हणाली. "तू ये."

मी साताऱ्यात माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत मेथी निवडत होते. हमीदा सांगलीला असते. तिच्या नातवाला, जुबेरला, मुलगा झाला होता. त्यांच्यात नाव खरं म्हणजे सातव्या दिवशीच ठेवतात, पण बाळाला कावीळ झाली, ते काचेच्या पेटीत गेलं, आणि सगळे विधी चाळिसाव्यावर ढकलले गेले होते.

"रेहान चांगलं आहे की," मी म्हटलं. "तुला कुठलं हवंय?"

"तुला ठाऊक हाय."

"मला कुठे ठाऊक? सांग की."

मला पक्कं ठाऊक होतं. पण तिला चिडवायची संधी मी शाळेत असल्यापासून सोडलेली नाही, ती आता या वयात कशाला सोडू.

मग ती म्हणाली, "पानपतावर हरला त्याचं," आणि फोन ठेवून दिला.

आता हे पानिपतावर हरलेलं प्रकरण समजायचं तर थोडं मागे जावं लागेल.

हमीदा आणि मी साताऱ्यात एकाच बोळात वाढलो. तिच्या वडिलांचा फळांचा गाडा होता, माझे वडील कचेरीत. मी पुढे शिकले, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला आणि तिथूनच निवृत्त झाले. हमीदाची शाळा सातवीला सुटली आणि सांगलीच्या बागवानांच्या घरी तिचं लग्न झालं. निकाहाच्या वेळी मी तिच्याजवळ, पडद्याच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरून वकील आणि साक्षीदार आले आणि विचारलं, इब्राहिम वल्द दस्तगीर बागवान यांच्याशी निकाह कबूल आहे का. हमीदाने मान हलवली. कुणीतरी म्हणालं तोंडाने बोल, तर ती माझ्या हाताला कचकन नखं रुतवून "हूं" म्हणाली. ते वळ दोन दिवस होते.

ते नाव मी मोठ्याने उच्चारलेलं ऐकलं ते तेव्हाच. नंतर त्या घरात मी कितीतरी वेळा गेले, पण इब्राहिम अशी हाक कधीच ऐकली नाही. हमीदा नवऱ्याचं नाव घेत नसे, त्यात विशेष काही नाही. मीही आमच्या ह्यांचं नाव हळदीकुंकवाच्या उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आणि गोपाळकृष्ण हे नाव उखाण्यात बसवताना माझी जी दमछाक व्हायची तेवढी शिक्षा पुरेशी होती. पण इब्राहिमभाईंना तर कुणीच इब्राहिम म्हणत नव्हतं. त्यांच्या आजोबांचं नाव इब्राहिम, म्हणून नातवाला तेच ठेवलेलं. मग आईने मुलाला हाक कशी मारायची? सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं म्हणजे भलतंच. तिने बाबू म्हणायला सुरुवात केली. घर बाबू म्हणू लागलं, गल्ली बाबूभाई म्हणू लागली, मंडईतले आडते बाबूशेट म्हणू लागले. आजोबांचं नाव पुढे चालवायचं म्हणून ठेवलं, आणि ते कुणी तोंडातून बाहेरच काढलं नाही. असली तऱ्हा आमच्याकडेही पुष्कळ घरांत होती, तेव्हा हसायचा अधिकार मला फारसा नाही. तरी मी हसत असे.

पुढे मुलगा सलीम शाळेत घालायच्या वयाचा झाला. बाबूभाई दुकान सोडून येईनात, म्हणून हमीदा त्याला घेऊन गेली. मास्तरांनी विचारलं, वडिलांचं नाव? ही पदर तोंडात धरून उभी. मास्तरांनी पुन्हा विचारलं. मागे एक भाजीवाली आपली पोरगी घेऊन उभी होती, तिला उशीर होत होता. ती म्हणाली, "आवं मास्तर, ती बाबूभाईची बायकू हाय. लिवा की बाबू." मास्तरांनी लिहिलं. सलीम बाबू बागवान. शाळेच्या दाखल्यावर तेच, नोकरीच्या कागदांवर तेच, आणि सलीमच्या निकाहात काझींनी तेच वाचलं. बाबूभाई तेव्हा समोर बसले होते. दुरुस्त करायचं सोडून हसले आणि म्हणाले, असू दे, नवरदेवाचं तर बरोबर हाय न्हवं.

आमच्या दोघींचं मात्र वेगळंच चालायचं. मी सुट्टीत सांगलीला जायची तेव्हा हमीदा नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची, आणि "हे", "ते", "सलीमचे अब्बा" यातच अडकायची. एकदा मीच म्हटलं, अगं, तुझ्या नवऱ्याच्या नावाचे इतके राजे होऊन गेलेत, त्यांतला एखादा वापर. तू फक्त आडनाव घे, नाव मी समजून घेईन. मी गंमत म्हणून बोलले. तिने ते धरूनच ठेवलं. द्राक्षांच्या सौद्यात बाबूभाईंनी मार खाल्ला की हमीदाचं कार्ड यायचं, "लोदी परवा हरून आले." पहिल्या पानिपतावर बाबराकडून हरला तो इब्राहिम लोदी. ताप आला आणि डॉक्टरांना दारातून परत पाठवलं की "पहिला आदिलशहा." विजापूरचा तो पहिला इब्राहिम आदिलशहा शेवटच्या आजारात गुण येईना म्हणून हकिमांचीच मुंडकी उडवत होता असं सांगतात. त्याने दफ्तरातली फारसी काढून इथल्या लोकांची भाषा आणली, हेही मी हमीदाला सांगितलं होतं, पण ते तिने कानाआड केलं. तिला हकिमांचं तेवढं आवडलं.

आणि बाबूभाई संध्याकाळी दुकान बंद करून अंगणात तंबोऱ्याच्या तारा छेडत बसले, की "जगद्गुरू." तो दुसरा इब्राहिम आदिलशहा. गाण्याचा इतका वेडा की स्वतःच्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव दिलं होतं, आणि पदं रचायला बसला की आधी सरस्वतीला नमस्कार करायचा. बाबूभाईंचा तंबोरा मिरजेत एका कारागिराने केळ्यांच्या बदल्यात दिलेला, चिरलेल्या भोपळ्याचा होता. त्याला नाव नव्हतं. हमीदा त्याला "ती सवत" म्हणायची.

एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं मिळून विजापूरला गेलो. या जगद्गुरूची कबर आहे ती इमारत बघायला. गाइड मोठा उत्साही होता. ये इब्राहिम की कबर, ये इब्राहिम की बेगम, ये इब्राहिम की मस्जिद, असं तो खणखणीत आवाजात सांगत सुटला. दर वेळी नाव आलं की हमीदा डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. घुमट येईपर्यंत पदर नाकापर्यंत आला आणि ती पायरीला ठेचकाळली. गाइड म्हणाला, और यहाँ इब्राहिम आराम से सो रहे हैं. बाबूभाई मागून म्हणाले, "न्हाई बाबा, जागा हाय मी. तुमी चालू द्या."

आमचे हे तर खाली बसून हसले. हमीदा पदराआडून म्हणाली, "घरी चला तुमी," आणि परतीच्या गाडीत मिरज येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

बाबूभाई जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवटी शेवटी दुकान सलीमच्या चुलतभावाकडे देऊन ते दिवसभर मशिदीच्या ओट्यावर बसत. तेव्हा मी हमीदाला बल्खच्या इब्राहिम अधमची गोष्ट सांगितली होती, राज्य सोडून फकीर झालेल्या राजाची. ती म्हणाली, "त्याची बायकू काय करत व्हती ते कुणी लिवलंय का?" ते मी अजून शोधतेय.

तर, फोन आल्यावर शनिवारी मी एसटीने सांगलीला गेले. स्टँडवर जुबेर आला होता. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, तिथून तसाच तेलकट हातांनी आलेला. त्याने मला मोटारसायकलवर मागे एका अंगाला बसवलं आणि माझ्या मांडीवर एक मोठी पिशवी दिली. पिशवीत इंग्रजी अक्षरांचे सोनेरी फुगे होते, अजून हवा न भरलेले.

"तहसीनच्या अम्मीनं मिरजेहून आणलेत," तो म्हणाला. "रेहान लिहायचंय भिंतीवर. चारूआजी, तुम्ही दादीला समजवा."

"काय समजवू?"

"दादीला बाबू ठेवायचंय."

मी पिशवी घट्ट धरली, नाहीतर खाली पडली असती. "असं ती म्हणाली?"

"मी विचारलं, दादी, कुठलं नाव आवडंल? तर म्हणाली, तुझ्या दादांचं. आणि मग बोलेचना. आता आजी, दादाजी मोठे होते, सगळं खरं. पण बाबू? तहसीन रडायलीय चार दिवस."

सलीमला बापाचं खरं नाव ठाऊक होतं. पण तो फलटणला साखर कारखान्यात, गळीत हंगाम सुरू, तो बाळ बघायला एक दिवस येऊन गेला होता आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जुबेरने जन्मात कधी आजोबांचं दुसरं नाव ऐकलेलं नव्हतं. बापाच्या दाखल्यावर बाबू, गल्लीत बाबू, घरात बाबू. मी त्याला तिथेच सांगून टाकणार होते. पण तेवढ्यात खड्डा आला, आणि मग वाटलं, आधी हमीदाला विचारावं.

हमीदा खाटेवर बसून सुपारी कातरत होती. मला बघून तिने शेजारची उशी सरकवली, एवढंच स्वागत.

"अगं, ही पोरं समजतायत तुला पणतवाचं नाव बाबू ठेवायचंय," मी म्हटलं.

तिचा अडकित्ता थांबला. "बाबू?"

"मग? तू म्हणालीस दादांचं. त्यांना दुसरं कुठलं माहीत आहे?"

मग ती हसायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. हसता हसता डोळे पुसले.

"मी जाऊन सांगते, झालं," मी म्हटलं.

"नगं," ती म्हणाली. "तू असं नुसतं सांगितलंस तर ती पोर मान खाली घालून व्हय म्हणंल. सासरची म्हातारी सांगती म्हणून. मला तसं नगंय. तिला आवडलं पायजे, तरच ती हाक मारंल. न्हाईतर कागदावर ठेवतील आणि घरात परत बाबू."

"मग कागदावर आहे ना, तेवढं बस की."

"न्हाई बस." तिने अडकित्ता खाली ठेवला. "सासूबाईंनी ती हाक मारली न्हाई. मी मारली न्हाई. चारू, ते नाव या घरात कुणी मोठ्यानं बोलावलेलं मी एकदा बी ऐकलं न्हाई. मला जायच्या आत ऐकायचंय."

मी उठून आत गेले.

तहसीन आतल्या खोलीत बाळाचे कपडे घडी घालत होती. मुलगी बी.कॉम. झालेली, मिरजेची, बोलायला गोड. मला बघून तिने लगेच डोळ्यांत पाणी आणलं.

"चारूआजी, दादींना मी काही बोलत नाही हो. पण बाबू कसं ठेवायचं? आमच्या कॉलेजात मुली आपापल्या मित्रांना बाबू म्हणायच्या. सगळ्यांना. उद्या हा मोठा झाला की याला कुणीही हाक मारेल."

"ते राहू दे," मी तिच्याजवळ बसत म्हटलं. "तुला दादाजींबद्दल काय माहिती आहे?"

"फळांचं दुकान होतं. तंबोरा वाजवायचे. दादी म्हणतात फार हट्टी होते."

"हट्टी तर होतेच. लग्नानंतर पहिल्यांदा साताऱ्याला सासरी आले ते महिनाभर हललेच नाहीत. सासूच्या हातची बिर्याणी आवडली. त्यावरून मी पुढे त्यांना कुतुबशहा म्हणायची."

"का?"

"गोवळकोंड्याचा एक होता. भावाच्या भीतीने पळून विजयनगरला गेला आणि तिथे वर्षानुवर्षं पाहुणा राहिला. तिथली तेलुगू त्याला इतकी आवडली की पुढे राजा झाल्यावर तेलुगू कवी त्याच्या दरबारात. सांगायचं काय, दुसऱ्याच्या घरी राहावं आणि तिथलं आपलं करावं, हे बाबूभाईंना जमायचं. आमच्या बोळात ते मोडी वाचायला शिकले होते, फक्त महिन्याभरात."

तहसीनच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "आणि?"

"आणि सौद्यात हरून आले की दादी त्यांना लोदी म्हणायची. पानिपतावर हरला तो."

"इब्राहिम लोदी," तहसीन म्हणाली. "शाळेत होता आम्हाला. एवढंच आठवतंय, तो हरतो."

"तोच. पण एकदा दंगलीची आवई उठली होती बाजारात, मी तेव्हा इथेच होते. सगळ्यांनी फळ्या ओढल्या. बाबूभाईंच्या दुकानात एक म्हातारी अडकली होती, चालता येत नव्हतं तिला. हे तिच्यासाठी दुकान उघडं ठेवून दारात खुर्ची टाकून बसले, संध्याकाळपर्यंत. काही झालं नाही, नुसती आवई. पण त्या दिवशी दादीनं त्यांना गारदी म्हटलं."

"हे कोण?"

"दुसरं पानिपत... म्हणजे तिसरं. पेशव्यांचं. मराठ्यांच्या तोफा ज्याच्या हाताखाली होत्या तो. समोरच्यांनी सांगून बघितलं, इकडे ये. गेला नाही. शेवटपर्यंत उभा राहिला, पकडला गेला आणि मेला."

"आपल्या बाजूनं?"

"आपल्या बाजूनं. इब्राहिमखान गारदी."

मुलगी हुशार, हिशोब जुळवायची सवय. "पानिपतावर हरला तो इब्राहिम," ती सावकाश म्हणाली. "आणि मराठ्यांच्या बाजूनं लढला तोही इब्राहिम. तो गोवळकोंड्याचा?"

"इब्राहिम कुतुबशहा."

"आजी, दादी त्यांना सगळी एकाच नावाची माणसं का म्हणायच्या?"

मी दुपट्याची घडी घालत राहिले.

"दादाजींचं नाव बाबू नव्हतं," तहसीन म्हणाली.

"नाही."

तिने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. बाळ दचकून जागं झालं, तेव्हा ते छातीशी धरून हसत राहिली. "चार दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले, बाबूसाठी. इब्राहिम तर किती छान आहे. पैगंबरांचं नाव. रेहान काय, माझ्या मावसबहिणीच्या दोन्ही जावांच्या मुलांची नावं रेहानच आहेत." मग एकदम थांबली. "पण फुगे?"

बाहेरून जुबेर म्हणाला, "आर, ए आणि एच चालतील. बाकीचे आणतो." तो दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता, हे मला तेव्हा कळलं.

झालं, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण तहसीन बाळाला घेऊन थेट हमीदाच्या खाटेपाशी गेली.

"दादी, इब्राहिम ठेवायचं," ती म्हणाली. हमीदाचा हात पदराकडे गेला. "पण एक अट आहे. पाळण्यात पहिली हाक तुम्ही मारायची."

"फुफूचा मान हाय तो," हमीदा म्हणाली. "जुबेरची बहीण येणाराय."

"तिला मी सांगते. ती आनंदानं देईल. हाक तुम्ही मारायची."

"मला न्हाई जमायचं बाई."

"मग मला पण नाही जमायचं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या बाबू, तुम्ही म्हणालात लोदी. उद्या मी काय म्हणू? घरातल्या मोठ्या बाईला जे नाव तोंडातून काढवत नाही ते मी दिवसभर ओरडणार, आणि तुम्ही दर वेळी अशा पदर ओढून बसणार. मला कसंतरी होईल. मी पण बाबूच म्हणायला लागेन, तुम्ही बघा."

हे तिने इतक्या गोडीत सांगितलं की त्यात कुठे बोट ठेवावं कळेना. हमीदा माझ्याकडे बघू लागली. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

"मग ठेवा रेहान," हमीदा म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवायलाही उठली नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, पहिला आदिलशहा परवडला. तिने चादर डोक्यावर ओढली.

रविवारी सकाळपासून घरात पाहुणे. तहसीनची अम्मी एका हाताने बिर्याणीच्या भांड्याचं झाकण सांभाळत, दुसऱ्या हाताने फुगे फुगवणाऱ्यांना सूचना देत होती. भिंतीवर आर, ए आणि एच लागले होते. पुढे मागे जागा सोडलेली. कुणी विचारलं तर जुबेर म्हणायचा, अजून ठरतंय. तो बिचारा दोन बायकांच्या मधे सापडलेला, त्याला मी काय बोलणार.

दुपारी जुहरची नमाज झाली. हमीदा आणि तहसीन आतल्या खोलीत शेजारी शेजारी पढत होत्या. मी दारापाशी खुर्चीत बसले होते. नमाज संपली, हमीदाने चटई गुंडाळायला घेतली. तहसीन तशीच बसून राहिली.

"दादी," ती म्हणाली. "आता तुम्ही शेवटी दरूदची दुआ पढलात."

"मग? न पढता उठू व्हय?"

"त्यात इब्राहिम येतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतं. तुम्ही रोज पाच वेळा पढता, लग्न झाल्यापासून."

हमीदा चटई हातात धरून उभी राहिली. हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि मी तिला या नावावरून इतकी वर्षं छळत होते.

"ते येगळं," हमीदा म्हणाली. "ते पैगंबर. ते अल्लासमोर."

"हो, पण तोंड तुमचंच ना?"

"तिथं डोक्यावर पदर असतो," हमीदा म्हणाली, जणू एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं.

"मग घ्या की पदर," तहसीन म्हणाली.

हमीदा माझ्याकडे वळली. "चारू, तू शिकवलंस व्हय हिला हे?"

"मी कशाला? मला फक्त राजे माहीत. नमाज तुमची."

ती खाटेवर टेकली. चटईचं टोक बोटांनी चाळवत बसली. मग म्हणाली, "त्यात पहिल्यांदा ते नाव येतं ना, तवा मला लोदीच आठवायचा. तौबा करायची मी रोज." आणि तहसीनकडे बघत, "अल्लाला सांगू नगंस."

"त्याला माहीत असेल," तहसीन म्हणाली.

पाळणा बाहेरच्या खोलीत टांगला होता, झेंडूच्या माळा लावून. बायकांनी पाळण्याची गाणी म्हटली, अर्धी मराठी, अर्धी त्यांच्या बोलीतली. जुबेरच्या बहिणीने बाळाला पाळण्यात घातलं आणि बाजूला सरली. सगळ्यांचं लक्ष हमीदाकडे. तिने पदर घेतला, पुढे ओढला, नमाजेला घेते तसा, कानांमागे खोचून. मग पाळण्यात इतकी वाकली की आम्हाला तिची नुसती पाठ दिसत होती. बराच वेळ ती तशी होती. बाळाने पाय झाडला.

ती सरळ झाली. "झालं," म्हणाली.

"काय झालं? आम्हाला ऐकूच नाही आलं," तहसीनची अम्मी म्हणाली.

"ज्याला हाक मारली त्याला आलं."

"असं नाही चालणार, दादी," बायका म्हणायला लागल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हमीदा लाल झाली, त्या वयातही माणूस लाल होतं हे मी बघितलं. तिने माझा हात पकडला आणि नखं रुतवली, अगदी त्याच जागी. आणि पाळण्याकडे न बघता, भिंतीवरच्या त्या तीन अक्षरांकडे बघत, दुकानातल्या गिऱ्हाइकाला बोलवावं तसं चढ्या आवाजात म्हणाली, "इब्राहिम."

मी बाबूभाईंची खुर्ची जिथे असायची तिकडे बघितलं. का बघितलं ते सांगता येणार नाही. तिथे फुग्यांची रिकामी पाकिटं होती.

नंतर जुबेर जाऊन बाकीची अक्षरं घेऊन आला. आय एकच मिळाला, म्हणून दुसऱ्या आयच्या जागी एकाचा आकडा लावला. सगळ्या फोटोंत तो एक आहे.

परवा मी हमीदाला फोन केला. या वेळी तीच आधी हॅलो म्हणाली, मला वाटलं चुकीचा नंबर लागला. तिच्या गुडघ्याचं आणि माझ्या मोतीबिंदूचं बोलून झालं. मागे बाळ रडत होतं. स्वयंपाकघरातून तहसीनचा आवाज आला, आमच्या काळात भाजीवाले द्यायचे तसा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "इब्राहिम, आले रे बाबा, आले. दूध गरम करू की नको?"

हमीदा बोलता बोलता थांबली. फोनवर कापडाची सळसळ आली.

"पदर घेतलास ना?" मी म्हटलं.

"घेतला."

"दिवसातून किती वेळा घेतेस?"

"हात दुखून येतो," ती म्हणाली, आणि तक्रारीत इतका आनंद मी तिच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. "आवाज बारीक कर म्हनलं तर ऐकत न्हाई ती पोरगी."

बाळ अजून रडतच होतं, आता जास्त जोरात.

"कोण झालाय आज?" मी विचारलं. "लोदी?"

"लोदी कुठला," हमीदा म्हणाली. "गारदी. हटायचं नावच घेत न्हाई."